पुठ्ठ्यांचा गेट पास

माझ्या कपाटात साड्यांच्या खाली तीन पुठ्ठे आहेत. नवा शर्ट उघडला की आतून निघतो तसले, पांढरे, एका बाजूने गुळगुळीत. साड्यांची घडी बसकी होऊ नये म्हणून ठेवलेत, असं मी घरात सांगत आले. घडीच्या बाबतीत आमच्या घरी माझ्याशी कुणी वाद घालत नाही. पंधरा वर्षं मी दिल्लीत पगार घेऊन घड्या घातल्यात.

दुकान कपड्यांचं होतं. पण दुकान म्हटलं की तिथली माणसं दुखावायची, 'स्टोअर' म्हणायचं. देशभर शाखा असलेली मोठी साखळी, आणि आमची शाखा दक्षिण दिल्लीतल्या एका मॉलमध्ये, तीन मजली. ह्यांच्या कारखान्यामुळे आम्ही फरीदाबादला येऊन पडलो होतो. मुलगा हॉस्टेलवर गेला, घर रिकामं झालं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मला नोकरीची हुक्की आली. मुलाखतीला विचारलं, "आप काम क्यों करना चाहती हैं?" मी म्हटलं, "घर बैठे-बैठे घुटने जकड़ गए हैं." त्यांनी मला नऊ तास उभं राहायचं काम दिलं. गुडघे सुटले, टाचा गेल्या.

तिथे ग्राहक येवो न येवो, बसायचं नाही. स्वतःचं सामान आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतून न्यायचं, म्हणजे डबा, कंगवा, रुमाल आणि औषधाच्या गोळ्या सगळ्या जगाला दिसणार. घरी जाताना मागच्या दारावर गार्डबाई अंग चाचपायची, डब्याचं झाकण उघडून बघायची. आणि आतली कुठलीही वस्तू, अगदी मोडका हँगर का असेना, गेट पासशिवाय बाहेर जायची नाही. गेट पास म्हणजे गुलाबी कागदाचं एक पुस्तक. वस्तू काय, कोण नेतंय, परत येणार की नाही, आणि खाली विभागप्रमुखाची सही.

सात-आठ वर्षांनी ती विभागप्रमुख मी झाले. पुरुषांचे शर्ट. काळ्या ब्लेझरवर पितळी बॅज. त्या बाईबद्दल काय सांगू! पन्नाशी गाठलेली घोडी, पण पहिल्या दिवशी बॅज लावून आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच "मे आय हेल्प यू" म्हणाली. घरी जेवताना भाजीच्या वाट्या उंचीप्रमाणे लावायला लागली. हे एकदा म्हणाले, "मॅडम, ही चटणी खायची आहे की डिस्प्लेला आहे?" मी दोन दिवस बोलले नाही. खरं तर चटणी डिस्प्लेलाच होती.

त्याच सुमारास ट्रायल रूमच्या दारावर एक मुलगी आली. पंचविशीची, सडसडीत, अर्धवेळ. तिचं काम टोकन द्यायचं: आत किती कपडे नेले ते मोजून तेवढ्या आकड्याचं टोकन, बाहेर आल्यावर परत मोजायचं. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ अकरा शर्ट घालून बघून काहीही न घेता निघाले. ती गोड हसून "थँक यू सर" म्हणाली आणि त्यांची पाठ वळताच पुटपुटली, "नवरदेव हाच अन् वऱ्हाडपण हाच."

मी मागेच उभी होते. फिस्सकन हसले.

"मराठी का तुम्ही?" तिने डोळे मोठे केले. "काकू, आधी नाही का सांगायचं! आठ दिवस झाले, मी इथे काय काय बोलले असेन!"

"फ्लोअरवर काकू नाही. मॅम म्हणायचं."

"बरं, मॅमकाकू."

ती बुलढाण्याकडची. मुनिरक्यात तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची आणि मोठ्या सरकारी परीक्षेचा अभ्यास करायची. वडिलांनी दिल्लीसाठी दोन वर्षं दिली होती. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर गावी परत आणि मग जे काय ठरवतील ते. पहिल्या वर्षी जमलं नव्हतं. खोलीचं भाडं तिचं तीच भागवत होती, म्हणून ही नोकरी. तिच्या दृष्टीने दिल्ली म्हणजे येत्या ऑगस्टमधली एक परीक्षा, बाकी काही नाही.

मला तिचा लळा लागला. ग्राहकांसमोर आम्ही मराठीत त्यांचीच उडवायचो. जानेवारीत आमच्या महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते, तिलाही नेलं. तिथे मंडळाचे अध्यक्ष भाषणात कुठला तरी सरदार कुठल्या तरी भलत्याच बाजूला उभा करून बसले. ही मागून म्हणाली, "काका, ते उजव्या फळीला होते." आणि पुढचा अर्धा तास तिनेच लढाई सांगितली, हातवारे करून, ट्रायल रूममध्ये गिऱ्हाइकं सोडावीत तशा फौजा सोडत. अध्यक्षांनी परतीच्या बसमध्ये तिला लाडू दिला नाही. मी माझा दिला.

आता पुठ्ठ्यांचं. शर्ट विकायला येतो तो पुठ्ठ्यावर घडी घालून, टाचण्या टोचून. ग्राहक घालून बघतो, पुठ्ठा आणि टाचण्या ट्रायल रूममध्ये टाकून जातो. शर्ट नको असेल तर आम्ही त्याच पुठ्ठ्यावर पुन्हा घडी घालायची. कोपरा मोडलेला पुठ्ठा कचऱ्यात. फ्लोअरवर वही चालत नसे, मोबाइल लॉकरमध्ये. पण पुठ्ठा स्टोअरचाच, आणि पेन तर खिशाला असायचंच. तर ही मुलगी दुपारी दोन ते चार, सगळं सामसूम असताना, कोपरा मोडलेल्या पुठ्ठ्यांवर नोट्स काढायची. उभ्याउभ्या, ट्रायल रूमच्या भिंतीला पुठ्ठा टेकवून. बारीक, सुबक अक्षर. एका पुठ्ठ्यावर एकच विषय. "पुठ्ठ्यावर मावेल तेवढंच डोक्यात मावतं, मॅमकाकू," असं म्हणायची. वर्षभरात साठेक पुठ्ठे झाले. सहा नंबरच्या ट्रायल रूमची कडी मोडली होती, म्हणून ती बंद असे. तिथे किमतीच्या लेबलांच्या दोऱ्याने बांधून तिने ते गठ्ठे ठेवले होते. मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

जुलैअखेरीला एका मंगळवारी ती माझ्याकडे आली. पुढच्या सोमवारपासून नोकरी सोडून शेवटचे तीन आठवडे नुसता अभ्यास करणार होती.

"काकू, पुठ्ठ्यांचा गेट पास द्या ना. खोलीवर नेते."

"कंपनीचा माल आहे तो."

"कचऱ्यात जाणारा माल आहे, काकू."

"कचऱ्यालासुद्धा गेट पास लागतो."

"तेच तर मागतेय!"

ती हसत होती. मी हसले नाही. पेन माझ्या खिशात होतं, गुलाबी पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण शुक्रवारी कंपनीचे मोठे साहेब स्टोअर बघायला यायचे होते, आणि पूर्ण मजल्याच्या मॅनेजरपदासाठी माझं नाव वर गेलं होतं. शिवाय बाकीचे आधीच टोमणे मारायचे, "लो, मराठी मंडल खुल गया." उद्या कुणी म्हणालं असतं, हिने आपल्या गाववालीला माल काढून दिला, तर? गाव कुठलं, तर मी पुण्याची आणि ती बुलढाण्याची, पण दिल्लीवाल्यांना ते काय कळणार. मी माझ्या बॅजवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "व्हिजिट होऊ दे. मग बघू."

"बिल्कुल," ती म्हणाली. तिला माझ्यावर विश्वास ठेवायची वाईट खोड होती.

लपवून नेणं त्या आरपार पिशवीतून शक्य नव्हतं, आणि तसं न्यायचं तिच्या मनातही आलं नसणार.

गुरुवारी तिची सुट्टी, शुक्रवारी क्लासमध्ये सराव परीक्षा म्हणून रजा. गुरुवारी दुपारी स्टोअर मॅनेजर माझ्या पांढऱ्या शर्टांच्या टेबलापाशी थांबला. ऐंशी-नव्वद शर्ट, पण सगळे मान टाकून बसलेले. सेलच्या धामधुमीत बहुतेकांचे पुठ्ठे हरवले होते. "मॅडम, ये क्या है? कल मुझे ये दीवार जैसा चाहिए."

नवे पुठ्ठे मागवले तर चार दिवस लागणार.

मी सहा नंबरची ट्रायल रूम उघडली. दोरे स्वतःच्या हाताने सोडले. अक्षर दिसत होतं, वाचलं नाही. कंपनीने दोन दिवसांसाठी पाठवलेल्या दोन मुली घड्या घालत होत्या, त्यांच्यापुढे पुठ्ठे ठेवले आणि सांगितलं, "लिखा हुआ साइड अंदर." मनाशी हिशेब पक्का होता: उद्या दुपारी व्हिजिट संपते, संध्याकाळी काढून घेऊ, शनिवारी पोरीला गेट पास देऊ आणि वर जरा ऐटही मिरवू, की बघ, काकूने सांभाळून ठेवले. माझी शक्कल मला इतकी आवडली, की मी त्या दिवशी डब्यातली पोळीसुद्धा उभ्यानेच खाल्ली.

व्हिजिट झोकात झाली. साहेबांनी पांढऱ्या थप्पीवर तळहात दाबला, थप्पी हलली नाही. "व्हेरी गुड," ते म्हणाले आणि माझा बॅज वाचला. मी जमिनीपासून चार बोटं वर. मग ते मॅनेजरकडे वळले. हे टेबल इतकं छान दिसतंय तर ते मागे कशाला, आत्ताच्या आत्ता दारात आणा, आणि दोनवर एक फुकट लावा.

तासाभरात टेबल दारात होतं. माणसं तीन-तीन शर्ट उचलत होती. वर्षभराचा अभ्यास चमकत्या पिशव्यांमधून, बिलासकट, पुढच्या दाराने बाहेर चालला होता आणि दारावरचा गार्ड प्रत्येक पिशवीला सलाम करत होता. गेट पास कुणीच विचारत नव्हतं. संध्याकाळी काढायचे ते राहिले. गर्दीत विक्रीचं टेबल उसकटायचं म्हणजे कुणीतरी विचारणार, का. त्या 'का'ला मी घाबरले.

शनिवारी बाराला ती आली. थेट सहा नंबरकडे गेली आणि परत आली.

"काकू, माझे पुठ्ठे?"

तेव्हा निम्मं टेबल अजून भरलेलं होतं. मी जिथे उभी होते तिथून सहा पावलांवर.

"अगं, हाउसकीपिंगने नेले वाटतं," मी म्हटलं. "व्हिजिट होती ना."

डोळ्याची पापणी हलली नाही. ग्राहकाला "हा रंग तुम्हाला फार खुलतो" म्हणायची सवय असते, त्याच आवाजात म्हटलं.

तिचा चेहरा उतरला, पण एक क्षणच. मग ती धावली. बेसमेंटला आमचा कचरा दाबून त्याचे गठ्ठे बांधतात, तिथे. जेवणाची सुट्टी तिने तिथे घालवली, आणि ड्यूटी संपल्यावरचे दोन तासही. मी वर उभी राहून शर्ट विकत होते. एका बाईंनी विचारलं, कॉलर कडक राहील ना? मी म्हटलं, आतला पुठ्ठा मजबूत आहे. देवाशपथ, असं म्हटलं मी.

ती वर आली तेव्हा कोपरापर्यंत हात काळे होते. "नाही सापडले. तिथल्या दीदी म्हणाल्या, कालची गाडी गेली." हात रुमालाला पुसत म्हणाली, "जाऊ द्या काकू. तुम्ही तरी काय करणार. अन् टाच कशीय तुमची?"

मी म्हटलं, बरी आहे.

रविवारी सकाळी स्टोअर उघडायच्या आधी मी जाऊन टेबलावर उरलेले पंधरा शर्ट एकेक चाचपले, कॉलरमधून बोट घालून पुठ्ठा बघितला. तिचे फक्त तीन होते. ते बाहेर कसे न्यायचे? स्वतःच्या गेट पासवर स्वतः सही चालत नाही, नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. म्हणून मी ते तीन शर्ट विकत घेतले. गार्डबाईने बिल बघितलं, शिक्का मारला.

घरी ह्यांनी पिशवी उघडली. "तिन्ही पांढरे? मी काय बँडमध्ये लागलोय?"

"ऑफर होती," मी म्हटलं.

सोमवारी ती बॅज जमा करायला येणार होती. मेट्रोत मी वाक्यं जुळवत होते: हे बघ, तीन सापडले. कुठे? मागे पडले होते. मग बाकीचे? त्याच्यापुढे मला काही सुचेना. तीन दिले तर साठांचा जाब द्यावा लागणार, म्हणून मी तीनही घरी ठेवून आले होते. ती आली, तिच्या आरपार पिशवीत एक तेलाची बाटली होती. आईने गावाहून पाठवलेलं, टाचेला लावायला. बाटली माझ्या हातात दिली आणि फ्लोअरवरच वाकून माझ्या पाया पडली.

"अगं, फ्लोअरवर नको," मी म्हटलं आणि वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

हे आठवलं की मला त्या बाईला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं. बॅज पडेपर्यंत.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. थोडक्यात गेलं होतं. "एक प्रश्न तर पुठ्ठ्यावरचाच होता, काकू. डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं, एवढं आठवत होतं. काय लिहिलेलं, ते नाही आठवलं." फोन ठेवल्यावर मी कपाट उघडलं आणि तिन्ही पुठ्ठ्यांचे डावे कोपरे बघितले. तो प्रश्न त्यांत नव्हता. मला किती हायसं वाटलं! हायसं वाटलं याची लाज वाटायला मात्र पुढची काही वर्षं गेली. ती गावी परतली, मी मजल्याची मॅनेजर झाले. दोघींना ठरल्याप्रमाणे मिळालं म्हणायचं.

आता मी तिथे नाही. गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मीही दिला. गेल्या महिन्यात नातीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठा हवा होता. ती गुडगावात वाढलेली, दहा वर्षांची, माझ्या कपाटात हात घालायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

"आजी यार, याच्यावर किसीने लिहिलंय." आणि अडखळत वाचायला लागली. नद्या, घाट, कुठल्यातरी आयोगाच्या शिफारशी. मग आडव्या कडेला पेन्सिलीने काही होतं. ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, मी फक्त कोपरे बघितले होते. "काकू... टाच... तेल... आईला फोन. आजी, टाच म्हणजे काय?"

"एडी," मी म्हटलं आणि पलंगावर बसले.

तिला सगळं सांगितलं. ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"पण शर्ट तर तिथेच होते ना?"

"हो."

"तिला बोलली असतीस तर तुम्ही दोघी शोधू शकला असता ना?"

"हो."

"मग?"

 बॅज म्हणजे काय, ते दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगणार. मी पदराशी चाळा करत बसले.

"नंबर आहे तिचा?" तिने विचारलं. होता. फोनमध्ये 'ट्रायल रूम' म्हणून ठेवला होता, तेही सांगून बसले. "मग कर ना फोन."

"बघू," मी म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. व्हिजिट होऊ दे, मग बघू. तोच सूर. कार्टीने तोवर फोन लावून माझ्या हातात दिलासुद्धा.

"काकू?" तिकडून लगेच आवाज आला. तिच्याकडे माझा नंबर अजून होता. मागे मुलांचा गलका. ती गावाजवळच्या शाळेत शिकवते म्हणाली, दोन मुलं आहेत, आणि लगेच, "टाच कशीय?"

मी सांगितलं. एका दमात, कुठेही न सजवता. पांढरं टेबल, लिहिलेली बाजू आत, सहा पावलं. थांबले नाही. थांबले असते तर मधेच काहीतरी खोटं घातलं असतं.



"शर्टांत?" ती म्हणाली, आणि थोडी हसली. जुनं हसू नव्हतं ते. "मी त्या बेसमेंटात... काकू, तेव्हा सांगितलं असतं ना, तर आपण दोघींनी बसून शर्ट उघडले असते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, "तीन आहेत माझ्याकडे. पाठवू?"

"आता कशाला? राहू द्या." घंटा वाजली. "वर्ग आहे, ठेवते हं."

मॅमकाकू म्हणाली नाही. नुसतं काकूही नाही.

"काय बोलली?" नातीने विचारलं.

"वर्ग आहे म्हणाली."

"मग हे आता कोणाचे? एक मी प्रोजेक्टला घेऊ?"

"नाही," मी म्हटलं. तिला बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दिला, कडा अगदी सरळ, ते मला अजून जमतं. ते तीन पुन्हा साड्यांखाली ठेवले, लिहिलेली बाजू वर करून. साड्यांना शाई लागेल. लागू दे.